सोलापूरच्या पाण्यासाठी मासेमारीची होडी: निवडीपासून पहिल्या फेरीपर्यंत

होडी घेताना आपल्या जिल्ह्यात एकच चूक पुन्हा पुन्हा होते. आधी होडी ठरते आणि पाण्याचा विचार मागाहून होतो. दिवाळीच्या सुमारास उजनी काठोकाठ असते, पाणी शिवाराला टेकलेलं असतं, कुणाची तरी जुनी होडी विकायला निघते, भाव जमतो आणि व्यवहार होऊन जातो. मे महिन्यात तेच पाणी लांब आत सरकतं, मध्ये गुडघाभर गाळ उरतो आणि दोन क्विंटलची लोखंडी होडी ओढायला रोज चार माणसं गोळा करावी लागतात. त्याच मे महिन्यात दुपारनंतर वळवाचं वारं सुटतं आणि शांत पाण्यात छान वाटलेल्या उथळ होडीत लाटेचं पाणी येऊ लागतं.

म्हणून होडी निवडायची ती तुमच्या पाण्याच्या सगळ्यात वाईट दिवसासाठी. धरण तळाला गेलेलं आहे, वारा सुटलाय, जाळं ओलं आहे, मासळी भरलेली आहे आणि काठ लांब आहे. त्या दिवशी जी होडी तुम्हाला घरी आणेल ती तुमची. खालचे टप्पे याच क्रमाने करा. क्रम बदलला की पैसे वाया जातात, आणि उजनीवर त्याहून जास्त काही जाऊ शकतं.

टप्पा १: पाणी कोणतं, ते कागदावर लिहा

सोलापूर जिल्ह्यात ‘पाणी’ म्हणजे एकसारखी गोष्ट नाही. निदान चार प्रकार वेगळे धरावे लागतात.

उजनीचा जलाशय. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला निम्म्याहून जास्त, म्हणजे ६३ टीएमसीच्या वर, मृत साठा, म्हणजे उपयुक्त साठ्यात न धरलेलं तळचं पाणी. त्यामुळेच ‘उजनी मायनसमध्ये गेली’, म्हणजे उपयुक्त साठा संपला, तरी मासेमारी चालू राहते. पण पूर्ण भरलेली उजनी आणि शून्य टक्क्यावर आलेली उजनी यांच्या पातळीत पाच-सहा मीटरचा फरक असतो, आणि काठची जमीन सपाट असल्याने तेवढ्या उतारात पाणी खूप मागे हटतं. मायनसमध्ये ते आणखी खाली जातं. मग बुडालेल्या गावांच्या भिंती, जुन्या विहिरींचे कठडे, झाडांचे बुंधे पाण्याच्या अगदी खाली येतात, दिसत नाहीत आणि तळाला लागतात. भरलेल्या उजनीवर धोका वाऱ्याचा, रिकाम्या उजनीवर धोका तळाचा. होडी दोन्हींसाठी हवी.

उजनीतही करमाळ्याच्या बाजूला वांगी, केत्तूर, कुगावकडून मोकळ्या पाण्यात जाणारा मच्छीमार आणि ओढ्याच्या फाट्यात काठाकाठाने चिलापी धरणारा मच्छीमार, दोघांची गरज एक नाही. मोकळ्या पाण्यात वाऱ्याला लांब पल्ला मिळतो आणि लाट आखूड पण उभी उठते. समुद्राच्या लांबट लाटेपेक्षा ही लाट लहान होडीला जास्त त्रास देते, कारण एकीतून सावरेपर्यंत दुसरी येते.

मध्यम तलाव. हिप्परगा, आष्टी, मांगी, बुद्धिहाळ, हिंगणी वगैरे. इथे पल्ला कमी आणि लाट कमी. मात्र पाणी उन्हाळ्यात वेगाने आटतं आणि होडी वारंवार उचलून हलवावी लागते. इथे वजन हीच मुख्य अडचण.

नदी आणि बंधारे. भीमा, सीना, त्यावरचे कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे, औज, चिंचपूर. सोलापूर शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी उजनीतून नदीत पाणी सोडलं जातं, आणि पावसाळ्यात वीर धरणाचं पाणी नीरेतून नरसिंहपूरला भीमेत येऊन मिळतं. सकाळी संथ असलेली नदी संध्याकाळी तशीच असेल असं नाही. वाळू उपशाचे खोल खड्डे ही वेगळीच गोष्ट.

शेततळं. सांगोला, पंढरपूर भागात शेततळ्यात मासे सोडणारे खूप शेतकरी आहेत. तिथे प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. लोखंडी होडीचा एक कोपरा लागला की कागद फाटतो आणि तळं रिकामं होतं. शेततळ्यात गुळगुळीत तळाची लहान फायबरची होडी किंवा ट्यूब बांधलेला तराफा, तिसरं काही नको.

कागदावर पाच गोष्टी लिहा: कोणतं पाणी, काठापासून जास्तीत जास्त किती लांब जाणार, मे महिन्यात होडी कुठे लागणार, होडीत किती माणसं, कोणतं जाळं. याची उत्तरं गावातल्या दोन जुन्या मच्छीमारांकडून पडताळून घ्या. मे महिन्यातला काठ नवख्याला डोळ्यांनी दिसत नाही, त्यांना तो पाठ असतो.

सावधान: ‘उजनीवरही चालेल आणि गावतळ्यातही चालेल’ अशी होडी शोधू नका. उजनीला पुरेल एवढा उंच काठ (होडीची वरची कड) असलेली होडी गावतळ्यात ओढायला जड जाते, आणि गावतळ्याची हलकी होडी उजनीच्या मोकळ्या पाण्यात नेणं धोक्याचं आहे. दोन्हीकडे जायचंच असेल तर उजनीचा हिशेब धरा.

टप्पा २: परवाना आधी, पैसे नंतर

हा टप्पा छोटा आहे, पण तो शेवटी ठेवणारे फसतात. बरेचसे तलाव मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. तिथे संस्थेच्या संमतीशिवाय तुमची होडी पाण्यात उतरत नाही. सोलापुरातल्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात आणि संबंधित संस्थेत जाऊन तीन प्रश्न विचारा: या पाण्यावर परवाना कोण देतं, इंजिन लावायला परवानगी आणि नोंदणी लागते का, आणि जाळ्याच्या आसाचा, म्हणजे भोकाच्या मापाचा, नियम काय आहे. आसाचं उत्तर होडीशीही जोडलेलं आहे. बारीक आसाचं ओढजाळं चालत नसेल तर त्यासाठी लागणारी रुंद होडी घेण्यात अर्थ नाही.

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि अनुसूचित जाती-जमाती व महिलांना ६० टक्क्यांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. तुमच्या होडीला ते सध्या लागू होतं का, हे खरेदीच्या आधीच विचारा. आधी होडी घेऊन मग बिल घेऊन जाण्यात अडचणी येतात. त्याच योजनेत मच्छीमारांचा गट अपघात विमा आहे, मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला ५ लाख रुपये. त्यात नाव आहे का, हेही त्याच फेरीत बघून या.

टप्पा ३: वजनाचा हिशेब मांडा

‘चार माणसांची होडी’ हा मापाचा प्रकार नाही. चार माणसं हसतमुख बसलेली आणि दोन माणसं ओलं जाळं ओढत एका कडेला उभी, यात फार फरक आहे. म्हणून किलोमध्ये लिहा.

दोन माणसांचा तंगूसच्या (नायलॉनच्या बारीक धाग्याच्या) जाळ्याचा नेहमीचा हिशेब असा पडतो: दोन माणसं १४० किलो, ओली जाळी ५० किलो, चांगल्या दिवसाची मासळी ६० किलो, बर्फ आणि पेटी ३० किलो, इंजिन व पेट्रोल ४५ किलो, वल्ही-दोर-नांगर-डबा १५ किलो. बेरीज ३४० किलो. लोक इथे दोन चुका करतात: जाळ्याचं वजन कोरडं धरतात, आणि मासळी सरासरी दिवसाची धरतात. होडी बुडते ती सगळ्यात चांगल्या दिवशी, भरलेली असताना.

आता ही होडी किती दबेल ते काढा. सपाट तळाच्या होडीसाठी सोपा आडाखा: लांबी (फुटांत) गुणिले रुंदी (फुटांत) गुणिले दीड. जे येईल तेवढ्या किलोला होडी साधारण एक इंच दबते. रुंदी मोजताना वरच्या काठाची नको, पाणी जिथे लागतं तिथली घ्या.

१६ फूट बाय ४ फूट: ६४ गुणिले दीड म्हणजे ९६ किलोला एक इंच. होडीचं स्वतःचं वजन १८० किलो असेल तर रिकामी होडी जवळपास २ इंच दबते, ३४० किलो भार टाकला की आणखी साडेतीन. एकूण साडेपाच इंच. काठ २२ इंच उंच असेल तर पाण्यावर साडेसोळा इंच उरतात.

१२ फूट बाय साडेतीन फूट: ४२ गुणिले दीड म्हणजे ६३ किलोला एक इंच. होडी ११० किलोची धरली तर रिकामी पावणेदोन इंच, भार टाकल्यावर साडेपाचच्या आसपास आणखी. काठ २० इंच असेल तर पाण्यावर पावणेतेरा इंचांच्या आसपास उरतात.

माझं माप सरळ आहे. भरलेल्या होडीचा पाण्यावर उरलेला काठ तलावात आणि नदीत निदान एक वीत, म्हणजे ९ इंच, आणि उजनीच्या मोकळ्या पाण्यात निदान दीड वीत, म्हणजे साडेतेरा इंच. वरची १२ फुटी होडी तलावाला चांगली, उजनीला नाही. फरक इंचाभराचा वाटतो, पण दोघं एका कडेला झुकले की तोच इंच लाट आत घेतो.

तपासा: भार कमी करून हिशेब जुळवत असाल तर थांबा. ‘मासळी जास्त मिळाली तर सोडून देऊ’ असं पाण्यावर कुणी करत नाही.

टप्पा ४: लांबी, रुंदी आणि तळ

लांबीपेक्षा रुंदीकडे आधी बघा. जाळं कडेवरून ओढलं जातं, त्यामुळे होडी पुढे किती सुरेख जाते यापेक्षा आडवी किती कलते हे महत्त्वाचं. दोन माणसांच्या होडीची तळाची रुंदी उजनीवर ४ फुटांपेक्षा कमी नको. पुष्कळ होड्या वर ४ फूट आणि तळाला अडीच फूट असतात. विकणारा वरचं माप सांगतो. टेप तळाला लावा.

तळ सपाट असेल तर होडी उथळ पाण्यात जाते, गाळावरून सरकते आणि उभं राहायला स्थिर लागते. मोकळ्या पाण्यात तो लाटेवर आपटतो. उपाय म्हणून पुढचा तिसरा हिस्सा वर उचललेला आणि थोडा निमुळता घ्या, मागचे दोन हिस्से सपाट ठेवा. उजनीला ही रचना सगळ्यात जुळते. पूर्ण व्ही आकाराचा तळ पर्यटकांच्या वेगवान बोटीला ठीक, जाळं ओढताना तो बगलेवर येतो. नदीसाठी थोडी अरुंद आणि हलकी होडी चालते, कारण तिथे प्रवाहाविरुद्ध वल्हवायचं असतं आणि लाट नसते.

पुढचं टोक काठापेक्षा निदान अर्धी वीत उंच असावं. नदीकडच्या सरळ काठाच्या होड्या उजनीवर आणल्या की पहिल्याच वाऱ्यात पाणी पुढून येतं.

टप्पा ५: लोखंड, फायबर की लाकूड

याच प्रश्नापासून सगळे सुरुवात करतात. तो पाचवा आहे, कारण वरची मापं ठरल्याशिवाय याचं उत्तर देताच येत नाही.

लोखंडी होडी गावातला वेल्डर बनवून देतो, दगडावर आपटली तर पोचा पडतो पण फुटत नाही, आणि दुरुस्ती तालुक्याच्या गावी होते. वजन मात्र मोजून घ्या. २ मिलिमीटर पत्रा एका चौरस मीटरला जवळपास १५.७ किलो, ३ मिलिमीटर साडेतेवीस किलो. १६ फुटी होडीला साधारण आठ-नऊ चौरस मीटर पत्रा लागतो. म्हणजे नुसत्या जाडीच्या फरकाने ६०-७० किलो वाढतात. तळाला ३ आणि बाजूंना २ मिलिमीटर, ही तडजोड उजनीच्या दगड-बुंध्यांसाठी योग्य आहे. वेल्डरला सांगायच्या तीन गोष्टी: काठाला गोल पाइप फिरवायचा, म्हणजे जाळं फाटत नाही आणि हात कापत नाही, वेल्ड टाके टाकून सोडायचं नाही, आत-बाहेर सलग मारायचं, जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा असेल तर वेल्डच्या रेषेवर जस्त जळून गेलेलं असतं, गंज तिथूनच सुरू होतो, तेव्हा आधी जस्ताचा प्रायमर आणि मग रंग.

फायबरची होडी त्याच मापात हलकी, गंजत नाही, जाळं अडकत नाही. मे महिन्यात रोज ओढायची असेल तर दोन माणसांना झेपते. तिचा शत्रू म्हणजे टोकदार दगड आणि ऊन. भर उन्हात उलटी टाकून ठेवलेल्या होडीचा वरचा थर पांढरट भुकटी सोडू लागतो. घेताना तळाची जाडी विचारा, ५-६ मिलिमीटरच्या खाली नको. आतून बाक आणि आडव्या पट्ट्या अंगाला पक्क्या बसवलेल्या हव्यात, नुसत्या स्क्रूने अडकवलेल्या नकोत. तळाबाहेर दोन उभ्या पट्ट्या असल्या की गाळात ओढताना घासतात त्या, तळ नव्हे. आत पाय ठेवायच्या जागी रंगात बारीक वाळू मिसळून घ्या. ओल्या फायबरवर माशाचा चिकटा लागला की पाय ठरत नाही.

लाकडी होडी उलटली तरी तरंगते आणि पाण्यावर शांत बसते. पण तिला पाण्यातच राहायचं असतं. आपल्याकडे उन्हाळ्यात दोन-तीन महिने होडी कोरडी पडली की फळ्या आकसतात, सांधे उघडतात, आणि दरवर्षी कापूस-डांबर भरावं लागतं. ते काम करणारा माणूस तुमच्या पंचक्रोशीत असेल तरच लाकूड घ्या. चंद्रभागेच्या काठी ती विद्या टिकून आहे, सगळीकडे नाही.

थर्माकोलच्या तराफ्याबद्दल मी कठोर आहे. काठाजवळ, छातीभर पाण्यात, एका माणसाला तो चालतो. मोकळ्या उजनीत नाही. वारा त्याला ढकलतो, वल्हं पुरत नाही, आणि तो तुकड्यातुकड्याने झिजून पाण्यात जातो.

ठरवायला एवढं पुरे: मोकळी उजनी आणि रोज एकाच ठिकाणी लागणारी होडी असेल तर लोखंड. काठ सरकत राहणार असेल, दोनच माणसं असतील, तलाव असेल तर फायबर.

टप्पा ६: पाणी भरलं तरी बुडू नये, याची सोय

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात. विक्रेते तो सांगत नाहीत आणि घेणारे विचारत नाहीत. २१ मे २०२४ ला उजनीत कुगावहून पैलतीरावरच्या कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी अचानक सुटलेल्या वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. वाऱ्याला आपण थांबवू शकत नाही. पाणी भरल्यावर धरायला काहीतरी तरंगत राहील, एवढं नक्की करू शकतो.

लोखंडी होडी पाण्याने भरली की तळाला जाते. १८० किलो लोखंडाचं वजन पाण्याखाली जवळपास १५७ किलो उरतं. तेवढं तोलायला तेवढ्याच लिटरची बंद हवा लागते. २० लिटरचा घट्ट बुचाचा रिकामा कॅन २० किलो उचलतो. म्हणजे नुसत्या होडीला आठ कॅन, इंजिनासाठी दोन आणि धरून राहणाऱ्या माणसांसाठी निदान दोन. बाराच्या खाली येऊ नका. ते बाकांखाली, पुढच्या टोकात आणि मागे, दोन्ही कडांना सारखे वाटून पट्टीने आवळा. सगळे मध्ये ठेवले तर भरलेली होडी कडेवर लोळते.

फायबर पाण्यापेक्षा दीडपट जड असतं, त्यामुळे १२० किलोच्या होडीचं पाण्याखाली ४० किलोच उरतं. इंजिन आणि माणसं धरून पाच-सहा कॅन पुरतात. पण ‘फायबर तरंगतं’ हा समज चुकीचा आहे. हवेच्या पेट्या नसलेली फायबरची होडीही बुडते.

सावधान: पेट्रोल इंजिन असेल तर बाकाखाली थर्माकोल भरू नका. पेट्रोल सांडलं की थर्माकोल विरघळतो, आणि तो गेलेला कळत नाही. फायबरचा राळ थेट थर्माकोलवर लावला तरी तेच होतं. बंद कॅन किंवा पीयू फोम वापरा.

तपासा: प्रत्येक कॅन बादलीत दाबून धरा. बुडबुडा आला तर तो बाद.

टप्पा ७: इंजिन, लागत असेल तर

काठापासून अर्ध्या किलोमीटरच्या आत काम असेल तर दोन चांगली वल्ही पुरतात आणि महिन्याचा पेट्रोलचा खर्च वाचतो. उजनीवर लांब जाणाऱ्याला इंजिन लागतं. १४ ते १६ फुटी होडीला ५ ते ८ एचपी पुरे. जास्त ताकद सपाट तळाच्या भरलेल्या होडीला वेग देत नाही, मागची फळी हलवते आणि वजन वाढवते.

इंजिनाची दांडी आखूड (१५ इंच) आणि लांब (२० इंच) अशी मिळते. मागच्या फळीची उंची मोजून जुळती घ्या. पंख्याच्या वरची आडवी चकती तळाच्या रेषेपासून इंचभर खाली बसली पाहिजे. वर राहिली तर पंखा हवा खातो, फार खाली गेली तर मायनसमधल्या उजनीत दगडाला लागते. जलपर्णीच्या पट्ट्यात इंजिन बंद करून उचला आणि वल्ह्याने पार व्हा. पेट्रोलचा नियम तीन वाट्यांचा ठेवा: एक जायला, एक यायला, एक हात न लावायचा.

इंजिन असलं तरी दोन वल्ही होडीत हवीतच.

टप्पा ८: जुनी होडी घेत असाल तर

काठावर उलटी ठेवलेली होडी भल्या सकाळी बघा, तिरप्या उजेडात पोचे आणि भरलेली भेग दिसते. नुकताच रंग दिलेली होडी दिसली की जास्त वेळ द्या.

लोखंडी होडीत स्क्रू ड्रायव्हरचं टोक तळाच्या कोपऱ्यांत आणि बाकाच्या पायाशी दाबा. पापुद्रे सुटले किंवा टोक रुतलं तर तिथला पत्रा संपला आहे. वेल्ड तपासायला बाहेरून खडूची पूड ओली करून फासा, सुकू द्या, आतून वेल्डवर रॉकेल लावा आणि अर्धा तास थांबा. जिथे भेग आहे तिथे खडूवर ओला डाग उमटतो. रॉकेल मिळत नसेल तर होडी विटांवर चार-पाच ठिकाणी टेकवून आत वीतभर पाणी भरा आणि खालून बघा.

फायबरच्या होडीवर नाणं किंवा किल्ली टकटक करत फिरा. खणखणीत आवाज बद्द झाला की आतले थर सुटलेले असतात. मागच्या फळीला इंजिन लागतं, आत लाकूड असतं, आणि बोल्टच्या भोकातून पाणी जाऊन ते कुजतं. ती फळी दोन्ही हातांनी हलवा. हलली तर किमतीतून नव्या फळीचा खर्च वजा करा, नाहीतर सोडा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा वरवरच्या असतात, पण सरळ लांब भेग तळाच्या कोपऱ्यात दिसली तर ती होडी आपटलेली आहे.

लाकडी होडी कोरडी असेल तर भाव ठरवू नका. दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवा, लाकूड फुगू द्या, मग किती गळते ते बघा.

टप्पा ९: भरून, पाण्यात, काठाजवळ

पैसे पूर्ण देण्याआधी ही चाचणी घ्या. विकणारा नाही म्हणत असेल तर होडी तशीच सोडा.

१. कमरेएवढ्या पाण्यात होडी उतरवा. रिकाम्या होडीच्या काठावर चारही बाजूंनी पाण्यापासूनची उंची मोजा. एका कडेला इंचाहून जास्त फरक असेल तर होडी वाकडी आहे.

२. टप्पा ३ मधला पूर्ण भार वाळूच्या पोत्यांनी टाका. पुन्हा मोजा. एक वीत की दीड वीत, तुमच्या पाण्याप्रमाणे.

३. दोन माणसं एकाच कडेला उभी करा आणि दोर ओढल्यासारखं वाकायला सांगा. खाली गेलेल्या काठाखाली निदान चार बोटं कोरडी राहिली पाहिजेत. ही चाचणी सगळ्यात महत्त्वाची, आणि सगळ्यात कमी केली जाणारी.

४. पोती काढा, होडी बादल्यांनी पूर्ण भरा. ती तरंगत राहते का, सरळ राहते का ते बघा. दोघांनी काठ धरून लोंबकळून बघा.

५. पाणी उपसायला किती वेळ लागला ते लक्षात ठेवा. उजनीवर तेवढा वेळ तुम्हाला मिळणार आहे का, याचा विचार करा. मोठा डबा आणि बादली, दोन्ही होडीला दोरीने बांधलेली हवीत.

तपासा: चाचणीला उतरणाऱ्या प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट. पोहता येणाऱ्याच्याही.

टप्पा १०: पहिला महिना

नवी होडी पहिल्या आठवड्यात अर्ध्या भाराने चालवा, काठ दिसत राहील एवढ्याच अंतरावर. रोज आल्यावर आतलं पाणी बघा. बाहेरून उडालेलं आणि तळातून आलेलं वेगळं ओळखायला, निघताना तळ कोरडा पुसून निघा.

पहिल्या पंधरा दिवसांत सगळे बोल्ट एकदा आवळा, इंजिनाचे आणि बाकांचे दोन्ही. ते हमखास सैल होतात. लोखंडी होडीच्या तळाचा रंग जिथे घासला तिथे त्याच दिवशी प्रायमर लावा. जाळं ज्या कडेवर अडतं ती जागा खडूने खुणावून ठेवा आणि महिन्याअखेरीस कानस मारून गोल करून घ्या.

एप्रिल-मेमध्ये जाळी पहाटे उचला आणि दुपारच्या आत काठाला या. पश्चिमेला ढग जमू लागले, किंवा लाटांच्या डोक्यावर पांढरा फेस दिसू लागला, की जाळं तसंच सोडून जवळचा काठ गाठा, आपलं गाव नसलं तरी. वारा गाठलाच तर होडीचं पुढचं टोक लाटेला थोडं तिरपं ठेवा, माणसं खाली तळावर बसवा, उभं कुणी राहू नका.

नदीवर असाल तर बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला, दारं उघडी असोत की बंद, जवळ जाऊ नका. पाणी सोडल्याची दवंडी किंवा गावच्या ग्रुपवरचा निरोप आला की होडी उंच काठावर घेऊन झाडाला बांधा, खुंटीला नाही.

आणि मासेमारीच्या होडीत पैलतीराला जाणारी माणसं, मोटारसायकली घेऊ नका. करमाळा आणि इंदापूरच्या काठांवर ओळखीचा माणूस हात करतो, नाही म्हणणं जड जातं. तुमचा सगळा हिशेब दोन माणसं आणि एका जाळ्याचा आहे. मोटारसायकल उंच असते, तिचं वजन वर राहतं, आणि टप्पा ९ मधली चार कोरडी बोटं तिच्या एका कलण्यात संपतात.